वळचणीचं पाणी

आमच्या मोंब्रेलच्या चर्चमध्ये डाव्या दाराने आत शिरलात की आधी भिंतीवर नरक दिसतो. उजव्या बाजूला स्वर्गही आहे म्हणा, पण तिकडे पुरुष उभे राहतात. बायकांच्या वाट्याला नरक. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण ठरवणारा पुरुषच असणार.

कढया आहेत, साखळ्या आहेत, गळ्यात थैली अडकवलेला सावकार आहे. हातभर जीभ बाहेर काढलेली एक चहाडखोर बाईही आहे. गावातले टवाळ तिला माझं नाव देतात. देऊ देत. माझ्या जिभेने आजवर कुणाचं घर जाळलेलं नाही. त्या सगळ्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती खालच्या कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनाची. गुडघे टेकले की तो बरोब्बर तोंडासमोर येतो. त्यात लेकरं आहेत, उघडीनागडी, एकमेकांना चिकटून बसलेली, डोळे मिटलेली. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेली ही लेकरं. त्यांना आग नाही, चटके नाहीत, पण देवाचं तोंडही नाही. नुसता अंधार, कायमचा. मी ओदेत, या गावची सुईण. त्यातली किती माझ्या हातांत निपचित पडली ते मी मोजत बसत नाही.

पूर्वी त्या भिंतीवर निळ्या झग्यातली मेरीमाता होती. पणज्या-खापरपणज्यांच्या काळात कुणीतरी काढलेली. काढणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिचा हसरा चेहरा सगळ्यांना पाठ होता. मग लढाया आल्या. राजाचे म्हणा, ड्यूकचे म्हणा, की कुणाचेच नसलेले म्हणा, पगार थकलेले सैनिक गावोगाव हिंडत होते. आम्ही त्यांना कातडीसोले म्हणायचो. त्यांनी जाता जाता चर्चच्या छपराला आग लावली. ओकाच्या तुळया कोसळल्या, वेदीचा दगड दुभंगला, मेरीमाता काजळीखाली गेली. खांबांच्या माथ्यावरचे दगडी सिंह तेवढे वाचले, आणि ते तर आधीच झिजून कुत्र्यांसारखे दिसायचे. घंटाघराचं छप्परही वाचलं. त्यानंतर कित्येक वर्षं मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, घंटेखालच्या खोलीत व्हायची, आणि वेदी दुभंगलेली म्हणून वेदीवरचे विधी बंद होते.

विधी बंद म्हणजे काय, ते बायकांना विचारा.

आमच्याकडे एक रीत आहे. मूल मेलेलं जन्मलं की त्याला वेदीवर आणून ठेवायचं. ओठांवर बदकाचं मऊ पीस ठेवायचं. वेदीचा दगड गार, म्हणून शेजारी शेगडी पेटवायची. मग सगळ्यांनी मेरीमातेला आळवायचं. तिला दया आली तर ती लेकराला घटकाभर श्वास उसना देते. पीस हलतं. साक्षीदार बायका म्हणतात, "दिसलं." पाद्री लगेच डोक्यावर पाणी ओततो, नाव ठेवतो. श्वास परत गेला तरी लेकरू आता देवाचं झालेलं असतं आणि त्याला कबरस्तानाच्या पवित्र मातीत जागा मिळते. साक्षीला दोन बायका लागतात, आणि त्याही कशा, तर जिचं स्वतःचं मूल असंच गेलंय अशाच. आमच्या जुन्या लोकांना अक्कल होती. अशा बाईला नेहमी दिसतंच. "नाही दिसलं" असं म्हणालेली बाई कुणी ऐकली नव्हती.

माझा एत्येन असाच जन्मला. मी तेव्हा पोरसवदा होते. पीस हललं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो कबरस्तानात अक्रोडाखाली आहे. पुढे जुन्या सुईणीने मला हाताखाली घेतलं, तेव्हा शेगडी कुठे ठेवायची तेही शिकवलं. पायाशी नाही, कुशीशी नाही, हनुवटीच्या जरा खाली, आणि कोळसे चांगले फुललेले हवेत. का, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काही गोष्टी हातांना कळल्या की पुरे, डोक्याला कशाला ताप!

पण वेदी बंद असलेल्या त्या वर्षांत जी लेकरं गेली, त्यांना ना श्वास, ना पाणी, ना माती. आम्ही काय करायचो, तर त्यांना घंटाघराच्या भिंतीलगत वळचणीखाली पुरायचो. पवित्र छपरावरून ओघळलेलं पाणी त्यांच्यावर पडायचं. पाद्री याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत. पण पावसाला कोण शिकवायला जाणार? पेर्नेलची तिन्ही लेकरं तिथे आहेत, लागोपाठ गेलेली. ही पेर्नेल म्हणजे आमच्या सुताराची बायको. आडव्या हाडाची, चीज करण्यात गावात पहिली, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. चौथं मूल तिला झालंच नाही.

अखेर छप्पर झालं, वेदीला नवा दगड आला, आणि पाद्री ओबेर यांनी भिंत रंगवायला चितारी आणला. थेव्हना त्याचं नाव. बरोबर बायको, जिलेत, पोटुशी. ती त्याचे रंग कुटायची, चाळायची, भिजवायची. पोर गुणी होती. नवरा मात्र एक नंबरचा शिष्ट. हात सोन्याचा, शत्रूचा असला तरी हे मी मान्य करीन. सकाळी ओल्या चुन्याचा गिलावा एवढासा लावायचा आणि तो सुकायच्या आत रंगवून मोकळा व्हायचा. "ओल्या चुन्यावर काढलं की रंग भिंतीच्या आत जातो," असं तो सांगायचा, "मग तुमची नातवंडं मरतील पण रंग नाही मरायचा." बोलायची पद्धत बघा!

ज्या दिवशी त्याने तो काळा चौकोन काढला, त्या दिवशी आम्ही बायका झाडलोट करत होतो. पेर्नेल झाडू घेऊन थांबली.

"चितारीबुवा, हे काय काढलंत?"

"मुलं."

"डोळे का मिटलेत त्यांचे?"

"अंधारात उघडे ठेवून काय बघणार आहेत?"

एवढं बोलला आणि स्वतःच हसला. आम्ही कुणी हसलो नाही. त्याच्यामागे जिलेत रंग ढवळत होती, ती म्हणाली, "अहो, असं काय बोलता!"

पेर्नेलचा आवाज खाली आला. तिचा आवाज खाली येताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "एक खिडकी काढा ना तिथे. एवढीशी, बोटाएवढी. थोडा पिवळा रंग तर लागेल. माझ्याकडची अंडी देते, चीज देते."

"बाई, मी जे नाही ते काढत नाही. पाद्रीबाबांना विचारा, खिडकी आहे का तिथे."

"आणि हा शेपटीवाला सैतान? हा पाहिलायत वाटतं तुम्ही?"

"पाहिला असेल," मी म्हटलं, "सासुरवाडीला."

आता मात्र बायका हसल्या, जिलेतसुद्धा तोंडावर हात धरून हसली. थेव्हनाचे कान लाल झाले. तो वळला आणि त्याने उरलेला कोपराही काजळीच्या काळ्याने भरून टाकला. मी गप्प बसले असते तर त्याने खिडकी काढली असती की नाही, सांगता येत नाही. गिलावा दुपारपर्यंत ओला होता. घरी जाताना मी बोट लावून पाहिलं, तेव्हा तो घट्ट झाला होता.

त्यानंतर पेर्नेल मिस्सेला यायची, पण गुडघे टेकायची नाही. खांबाला टेकून उभी राहायची. पाद्री ओबेर रागावले तर म्हणाली, "माझे गुडघे दुखतात." चितारीशी ती शब्द बोलत नव्हती. जिलेतशी मात्र तिचं गूळपीठ जमलं. काम थंडीपूर्वी आटोपलं होतं, पण पोटुशी बाईला घेऊन बर्फातून कुठे जाणार, म्हणून ती दोघं गावातच राहिली. पेर्नेल तिला शेळीचं दूध पाजायची, मांडीवर पाय घेऊन चोळायची. सुताराने पहिल्या मुलासाठी केलेला पाळणा तिच्या माळ्यावर धूळ खात पडला होता. तो पुसून तिने जिलेतच्या खोलीत नेऊन ठेवला. "माझ्यापेक्षा तुला उपयोगी," एवढंच म्हणाली.

मेणबत्त्यांच्या सणाच्या आठवड्यात, ऐन थंडीत, जिलेतला कळा लागल्या. मूल पायाळू होतं. मी जिवाचं रान केलं, तिने त्याहून केलं. मुलगी झाली. रडली नाही. मी तिला पालथी केली, पाठ चोळली, तोंडात फुंकलं. सगळं करून पाहिलं. मेली होती ती, केव्हाच.

जिलेतने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "तिला त्या कोपऱ्यात नाही जाऊ द्यायचं. ऐकलंत? तुम्ही काढलेल्या त्या कोपऱ्यात माझी मुलगी जाता कामा नये." थेव्हना भिंतीला धरून उभा होता. हा तोच माणूस, पण आता सगळा शिष्टपणा गळाला होता. मला म्हणाला, "मावशी, ती तुमची रीत... करता येईल?"

"वेदी नवी झालीय," मी म्हटलं. "न यायला काय झालं?"

छप्पर झाल्यापासून वेदीवर येणारं हे पहिलंच लेकरू होतं. पाद्री ओबेर फारसे खूश नव्हते. असल्या प्रकारांना वरचे लोक नाकं मुरडतात, म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. "दुपारच्या घंटेपर्यंत," त्यांनी सांगितलं, "आणि दोन साक्षीदार. एकीने जरी नाही म्हटलं, तरी मी पाणी ओतणार नाही."

साक्षीला कोण मिळणार? कातडीसोल्यांनंतर ताप आला होता, त्यात माझ्या वयाच्या सगळ्या गेल्या. सुईणीला साक्ष देता येत नाही. मूल गेलेल्या उरल्या दोघीच. एक म्हातारी मार्गो, जिला वेदीसुद्धा धड दिसत नव्हती आणि जी पेर्नेल म्हणेल त्याला मान डोलवायची. दुसरी पेर्नेल. मला काळजी वाटली नाही. जिने पाळणा दिला, ती श्वास नाही म्हणेल? माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सकाळी आम्ही मुलीला वेदीवर ठेवलं. जिलेतला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणलं होतं. मी शेगडी जिथे ठेवायची तिथे ठेवली. कोळसे लाल फुलले होते. ओठांवर पीस ठेवलं. सगळा गाव गुडघ्यांवर होता, पेर्नेलसुद्धा. मेरीमातेला आळवणं सुरू झालं. थोड्या वेळाने मुलीच्या गालांवर किंचित लाली आली, आणि मग पीस हललं. टोक उचललं गेलं, थरथरलं, खाली बसलं, पुन्हा उचललं गेलं. जिलेतच्या तोंडून हुंदका फुटला.

पाद्री ओबेर म्हणाले, "साक्षीदार बायांनो, दिसलं?"

मार्गोने पेर्नेलकडे तोंड वळवलं. पेर्नेल मुलीकडे बघत होती, डोळे फाडून. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मग तिची नजर वर गेली, आणि वेदीपलीकडे उभ्या थेव्हनावर पडली. तो हात जोडून रडत होता.

"नाही दिसलं," पेर्नेल म्हणाली.

"नाही दिसलं," मार्गो म्हणाली.

थेव्हना म्हणाला, "ताई, हललं ना! सगळ्यांनी पाहिलं!"

"जे नाही, ते मी बघत नाही, चितारीबुवा."

घाव बरोबर बसला. थेव्हना जमिनीवरच बसला. मी पेर्नेलच्या दंडाला धरून तिला खांबाआड ओढलं. "अगं भवाने, त्या बयेने तुझं काय घोडं मारलंय? तिच्या मुलीचा विचार कर!"

"माझ्या मुलांचा कुणी केला?" तिने दंड सोडवून घेतला. "दर रविवारी बघायचं मी त्यांना. डोळे मिटलेली. तो हसला, मावशी. तू होतीस तिथे. तो हसला होता."

थेव्हना गुडघ्यांवर सरकत आला. "काढतो," म्हणाला, "खिडकी काढतो. मोठी काढतो. डोळे उघडतो सगळ्यांचे. पण तू ये, एकदा बघ."

पेर्नेल म्हणाली, "आधी काढ."

मला वाटलं, पाद्री ओबेर ओरडतील. पण ते जिलेतकडे बघत होते, आणि तिच्याकडे बघून कुणालाच ओरडवलं नसतं. ते म्हणाले, "घंटेला अजून वेळ आहे." मग तोंड फिरवून प्रार्थना पुटपुटायला लागले.

थेव्हनाने धावत जाऊन रंग आणले. ओल्या चुन्याचा प्रश्नच नव्हता. गारठ्यात चुना धरत नाही, आणि गिलावा कालवून लावायला तरी वेळ कुठे होता? पेर्नेलच्याच कोंबड्यांच्या अंड्यांचा बलक त्याने पिवळ्या मातीत कालवला आणि सुक्या भिंतीवर, त्या काळ्यावर, खिडकी काढली. आणि काय काढली! कमानीची खिडकी, आणि तिच्यातून उन्हाचा पट्टा लेकरांच्या अंगावर. मग एकेकाचे डोळे उघडले. तिघांचे केस त्याने पेर्नेलच्या केसांसारखे लालसर केले. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पेर्नेल त्याच्यामागे उभी होती आणि तोंडावर हात दाबून रडत होती. सगळा गाव तिकडेच बघत होता. मीही बघत होते.

"टिकेल ना हे?" तिने विचारलं.

थेव्हनाने कुंचला पुसला. "टिकेल."

मी जिलेतकडे पाहिलं. सुक्या भिंतीवरचा रंग काय असतो, हे नवऱ्याइतकंच तिला ठाऊक होतं. तिने मान खाली घातली.

मग पेर्नेल वेदीपाशी आली. तेव्हा कुठे मला शेगडी आठवली. कोळशांवर राख धरली होती. मुलीचे गाल पुन्हा मेणासारखे झाले होते. पीस ओठांवर होतं, आणि ते हलत नव्हतं. जराही नाही. कोळशांवर फुंकर घालायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात दुपारची घंटा सुरू झाली आणि पाद्री ओबेर यांनी विचारलं, "दिसलं?"

पेर्नेल खाली वाकली. वाकूनच राहिली. मला वाटलं, आता ही पडते. मग म्हणाली, "दिसलं."

"दिसलं," मार्गो म्हणाली.

पाणी ओतलं. क्लेमॉन्स नाव ठेवलं. त्याच दिवशी कुदळीने गोठलेली माती फोडून आम्ही तिला कबरस्तानात पुरलं, माझ्या एत्येनच्या पलीकडच्या ओळीत. बर्फ वितळल्यावर थेव्हना आणि जिलेत गाडीत सामान भरून निघून गेली. पाळणा जिलेतने परत केला. दोघी गळ्यात पडून खूप रडल्या.

त्या वर्षी पेर्नेल बदलली. मिस्सेला सगळ्यांच्या आधी यायची आणि कोपऱ्यासमोर गुडघे टेकायची. "मधला बघ, मावशी, अगदी सुतारावर गेलाय," असं मला कोपराने ढोसून सांगायची. पाद्री प्रवचन करत असताना खुदुखुदु हसायची. मी दटावायची, पण मनात म्हणायची, हस बाई, हस.

पुढच्या थंडीत भिंतीला ओल चढली. आढ्याचं पाणी वळचणीला यायचंच, आणि वळचणीचं भिंतीत. वसंतात खिडकीची एक कड उचलली गेली. पेर्नेलने पिठाची खळ करून ती चिकटवली. मग उन्हाचा पट्टा सुटला. मग डोळे. ती खाली पडलेले पिवळे कपटे वेचायची, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून लावायची, आणि बोट काढलं की कपटा बोटालाच चिकटून यायचा. त्याखालून काळं जसंच्या तसं वर येत होतं, एखाद्या ओरखड्याशिवाय. ते ओल्या चुन्यात काढलेलं होतं ना. लेकरांनी एकेक करून डोळे मिटले.

शेवटचा कपटा पडला त्या दिवशी ती माझ्या घरी आली. मी भाजी चिरत होते. ओच्यातले पिवळे कपटे तिने माझ्या टेबलावर ओतले.

"त्याला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"तिला?"

"तिलाही."

मला वाटलं, आता ही शिव्या देईल. मी तयार होते, दोन माझ्याही घालणार होते. पण ती बाकावर बसली आणि म्हणाली, "बरोबरच केलं त्यांनी. मी त्याहून वाईट केलं."

"काय केलंस? शेवटी म्हणालीस ना दिसलं?"

"मावशी, पहिल्यांदा दिसलं होतं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तिने श्वास घेतला होता. पीस उचललं गेलं, मी पाहिलं. जिवंत होती ती. आणि मी नाही म्हणाले. त्याच्या तोंडावर मारायला म्हणून नाही म्हणाले. मग तो रंगवत बसला आणि ती थांबली, थांबली, आणि गेली. दुसऱ्यांदा तिथे काहीच नव्हतं. मेलेल्या देहावर पाणी ओतलं पाद्रीबाबांनी. ते पाणी लागत नाही, मावशी, तुला माहितीये. ती त्या कोपऱ्यात आहे. माझ्या मुलांशेजारी. मी नेऊन बसवलं तिला तिथे."

मी सुरी खाली ठेवली. मला जे ठाऊक होतं ते आजवर मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण समोर ही बाई बसली होती, जिवंत, आणि ती कुजत चालली होती. मेलेल्यांना मी काय देणार होते? हिला तरी काही देता आलं असतं.

"पेर्नेल," मी म्हटलं, "ती श्वास घेत नव्हती. पहिल्यांदाही नाही. शेगडीची ऊब होती ती. गरम हवा वर जाते आणि पीस उचलते. म्हणून तर ती हनुवटीखाली ठेवायची. दुसऱ्यांदा कोळसे विझले होते, म्हणून हललं नाही. एवढंच आहे ते. तू कुणाला मारलं नाहीस."

तिने वर पाहिलं.

"म्हणजे तुझा एत्येनसुद्धा?"

मला खोटं बोलता आलं असतं. एत्येनचं पीस वेगळं होतं, असं म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. "माझा एत्येनसुद्धा."

मला वाटलं होतं, एवढी किंमत दिल्यावर ती मोकळी होईल, रडेल. ती उठली. कपटे पुन्हा ओच्यात भरले.

"खोटं बोलतेस तू," ती म्हणाली. आवाज मऊ होता, लहान मुलाला सांगावं तसा. "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. तुझं मन मोठं आहे, मावशी. पण मी पाहिलंय ना! श्वास होता तो." आणि निघून गेली.

मी तिथेच बसून राहिले, भाजी तशीच टाकून. माझा मुलगा मी दुसऱ्यांदा घालवला होता, आणि त्याच्या बदल्यात कुणाला काहीही मिळालं नव्हतं.

आता पाऊस पडला की पेर्नेल मडकं घेऊन घंटाघराच्या भिंतीशी उभी राहते. वळचणीचं पाणी मडक्यात धरते. ते कबरस्तानात नेते आणि क्लेमॉन्सच्या मातीवर हळूहळू ओतते, ओठ हलवत. पाद्री ओबेर एकदा म्हणाले, "पवित्र मातीत पुरलेल्या लेकराला हे कशाला?" ती म्हणाली, "तहान लागते त्यांना."

मी तिच्याबरोबर जाते. तिचे गुडघे आता खरंच दुखतात, मडकं जड होतं, कुणीतरी हवं धरायला. तिचं ओतून झालं की मडक्याच्या बुडाशी थोडं उरतं. ते मी मागून घेते आणि अक्रोडाखाली जाऊन एत्येनवर ओतते.